भुशाचं कपाट

आत्याच्या दारात दोघं एकाच वेळी पोचली आणि बेलवर दोघांचं बोट एकदमच गेलं.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"बेल काय रांग लावून वाजवायची असते?" असं म्हणत तिनं बेल दाबलीसुद्धा.

तिच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती. त्याच्या शर्टाच्या खिशावर फर्निचर कंपनीचं नाव शिवलेलं होतं, आणि ते वाचूनच तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

हॉलमध्ये आत्याचं पुस्तकांचं कपाट आडवं पडलं होतं. घेऊन वर्षही झालं नव्हतं. मधली फळी आधी झोळीसारखी वाकली, मग एका दुपारी सगळं कपाटच गुडघ्यात मोडल्यासारखं खाली बसलं. आत्यानं कंपनीला फोन केला आणि भाचीलाही. भाची सुताराची मुलगी, आणि आता स्वतःच सुतार. बाबांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी खाली ठेवलेला रंधा तिनं उचलला होता.

तिनं फळीचा तुकडा बोटांत चुरला. भुसा गळाला.

"हे लाकूड?"

"इंजिनिअर्ड वूड म्हणतात त्याला."

"आमच्याकडे भुसा म्हणतात. आम्ही तो झाडून बाहेर टाकतो. तुम्ही त्याला कागद चिकटवून विकता!"

"कागदावरच्या रेषा छान आहेत पण..." तो हळूच म्हणाला.

"छानच आहेत की. तिन्ही फळ्यांवर एकाच जागी एकच गाठ. झाडाला तिळं झालं होतं वाटतं!"

त्याला हसू फुटलं. ते दाबत त्यानं फोटो काढले, घसा साफ केला आणि विचारलं, "आत्या, कपाटात... काय ठेवलं होतं?"

"पुस्तकं."

"सगळ्याच खणांत?"

"मग काय, एका खणात चपला ठेवू?"

"नाही, म्हणजे... वजन जास्त झालं, असं धरतात."

"कोण धरतं?" भाची उभीच राहिली. "पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं ठेवली हा आत्याचा गुन्हा? उद्या खुर्ची मोडली तर म्हणाल, बाई, तुम्ही बसलातच कशाला?"

त्याचे कान लालबुंद झाले. जाताना मात्र तो दारात घुटमळला.

"तुमचा कारखाना... बघायला आलो तर चालेल?"

"काय बघायला?"

"लाकूड," तो म्हणाला. आणि असं काही म्हणाला, की भांडायच्या ऐन भरात तिनं पत्ता सांगून टाकला.

तो रविवारी आला. मग दर रविवारी येऊ लागला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिनं त्याचं नाव वॉरंटी ठेवलं.

"तुझी वॉरंटी आली गं," बाबा आतून ओरडायचे.

"अजून संपली नाही का?" ती म्हणायची, आणि पदराआड... छे, पदर कुठला, अंगावर भुशानं माखलेला एप्रन. पण हसायची मात्र तशीच.

"रंधा ढकलू नकोस, चालव." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. लाकडाची पातळ सालपटं वेटोळी होत वर आली, ताज्या लाकडाचा वास पसरला. तिनं हात काढून घेतला... जरा उशिराच. त्यानं एक सालपट खिशात टाकलं. तिनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

पण राग काही जाईना. रोज कुणीतरी मोडकं घेऊन यायचं. बिजागरी उखडलेलं दार, पोट सुटलेला ड्रॉवर, आणि पुन्हा स्क्रू लावावा तर स्क्रू धरायला आत लाकूडच नाही. एकेकाळी लग्नात घेतलेल्या पलंगावर नातवंडं उड्या मारायची. आता नवराबायकोचं पहिलं भांडण मिटायच्या आत पलंग करकरतो, आणि लोक म्हणतात, चालायचंच. का चालायचं? पायच धड नाहीत, चालेल कसं?

अशात आत्याचा फोन आला. कंपनीनं तक्रार फेटाळली होती. कारण: ग्राहकानं जास्त वजन ठेवलं.

रविवारी तो दारात दिसताच तिनं विचारलं, "तू कळवलंस हे?"

"सगळ्यांचं तसंच कळवावं लागतं गं. नोकरी आहे."

"तुझे कान लाल झाले होते त्या दिवशी. म्हणजे खरं काय ते तुला तेव्हाच कळलं होतं. मोडकी फळी तुझ्या हातात, आणि बोट आत्याकडे! अशा माणसाशी संसार केला, तर घरात काहीही मोडलं तरी वजन माझंच जास्त भरेल."

संसार... शब्द निसटला होता. दोघांनीही तो ऐकला.

"येऊ नकोस आता," ती म्हणाली.

तो आला नाही. एक रविवार, दोन रविवार. ती लाकूड असं तासत होती, की बाबा म्हणाले, "अगं, त्या फळीनं तुझं काय वाकडं केलंय?"

मग एका सकाळी तो आला. हातात स्टूल. आरशासारखं चकचकीत.

"मी केलंय. एकट्यानं. बस ना..."

ती फुरंगटून का होईना, पण बसली. क्षणभर स्टूल तग धरून राहिलं. मग चारी पाय चार दिशांना गेले आणि ती जमिनीवर! बाबा आतून डोकावले, आणि शहाण्या माणसासारखे परत आत गेले.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आता म्हणेल, तू वाकडी बसलीस. आता म्हणेल, फरशी उंचसखल आहे...

"दोष माझा," तो म्हणाला. "तू नीटच बसलीस. मीच वाईट केलंय. आणि आत्यांचं कपाटही वाईटच होतं. ऑफिसात तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मला गोदामात टाकलं. आत्यांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी चहा दिला आणि सगळी पुस्तकं उचलायला लावली."

तिनं स्टुलाचा एक पाय उचलून टोक पाहिलं. सांध्यात बसणारा भागही चकाकत होता.

"अरे येड्या, सरस लावायच्या आधी पॉलिश केलंस?"

"तुला द्यायचं होतं ना... आतूनसुद्धा सुंदर असावं म्हणून."

ती रागवायला गेली, पण आवाज भलताच मऊ निघाला.

"गुळगुळीतावर सरस धरत नाही. त्याला खरखरीत लाकूड लागतं."

"हे मला कळायला हवं होतं," तो गुडघ्यावर बसत म्हणाला. "तुला इतका चिकटलोय तो उगाच का? ...करशील माझ्याशी लग्न?"

ती पायाचं टोक बोटानं चाचपत राहिली.

"आणि घरात काही मोडलं तर?"

"दोष माझा. दरवेळी माझाच."

"सगळा नको घेऊस," ती म्हणाली. "निम्मा मला ठेव."