आजीचे दोन हजार ‘आज’

दोन हजार फायली निघाल्या आणि चिपवर पोचली एकच! बाकीच्या गेल्या कुठे?

उद्या आम्ही चंद्रावरच्या वसाहतीत राहायला जाणार होतो. आणि वेंगुर्ल्याच्या घरात मी न् आजोबा डोक्याला हात लावून बसलो होतो. माझी आजी हवामान निरीक्षक होती. रोज सकाळी गच्चीत उभी राहून ती हवेची नोंद बोलून ठेवायची. ती गेल्यावर तिचा आवाज उरला तो फक्त जुन्या संगणकात, ढगांच्या अवजड फोटोंमध्ये मिसळलेला. यानात न्यायची चिप इवलीशी. फोटो मावणार नव्हते, आवाज तेवढा मावला असता.

आमच्या यंत्रमानवाला तो संगणक हाताळता येईना. आजोबा मात्र खुशीत आले.

“आमच्या वेळी संगणकाला लिहून सांगावं लागायचं, रेवू!”

काळ्या पडद्यावर त्यांनी कमांड (लेखी आज्ञा) टाइप केली. आजीचे फोल्डर (फायलींचे कप्पे) एकात एक होते. वर्षात महिना, महिन्यात दिवस.

“त्याला सांगितलं, प्रत्येक कप्प्यात शिर, *.wav तेवढ्या उचल आणि त्यांच्या नकला चिपवर ठेव. शेवटचं .wav म्हणजे आवाजाची फाइल. चांदणी म्हणजे नाव कुठलंही चालेल.”

तरी पोचली एकच.

“आजोबा, आजीनं फायलींना नावं काय दिलीत?”

त्यांनी पाहिलं. सगळीकडे एकच नाव: आज.wav. तारीख कप्प्यावर होतीच, मग आजी कशाला वेगळं नाव देईल!

“चिपवर सगळ्या एकाच कप्प्यात गेल्या, आणि एका कप्प्यात एकाच नावाच्या दोन फायली राहत नाहीत,” आजोबा म्हणाले. “नवी आली की जुनी पुसली जाते.”

“आजी पुसली गेली?”

“छे गं! पुसल्या त्या नकला. मूळ फायली जागच्या जागी आहेत.”

“मग कप्प्यांसकट नेऊ या ना!”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आज्ञेत --parents जोडलं. म्हणजे, वाटेतले कप्पेही तिकडे तसेच तयार कर.

या वेळी दोन हजार पोचल्या. आम्ही एक लावली.

“आज वारा पडलाय. आभाळ निरभ्र. आमचे हे चहा घेऊन जिना चढतायत. निम्मा सांडलेला असणार.”

आजोबा हसता हसता रडायला लागले. मग मीही.

आता चंद्रावर रोज सकाळी मी एक नवा कप्पा उघडते आणि खिडकीशी उभी राहून बोलते, “आज वारा नाही. आभाळ काळं. आजोबा चहा घेऊन येतायत. सांडलेला चहा इथं सावकाश खाली पडतो.”

फाइलचं नाव अर्थातच आज.wav.