न धुवायचा शर्ट

मावशीने शर्ट थेट बादलीत बुडवला. कॉलरवर घामाचा पिवळट पट्टा होता, बाहीला बूटपॉलिशचा डाग, आणि सगळ्या कापडाला त्या पोराच्या अंगाचा वास... तोच वास तिला घालवायचा होता. बावीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईघरात राबत होती. रक्त, औषध, दुखणं, कशाचाही वास ती कापडातून काढून दाखवी. तिने कढत पाणी घेतलं, दोनदा साबण लावला, तीनदा खळबळलं. न्हाणीच्या दाराशी बांधलेला तांबूस कुत्रा मान वाकडी करून बघत होता आणि मधूनच बारीक कण्हत होता.

"कण्ह बाबा," मावशी त्याला म्हणाली. "चार दिवस कण्हशील, मग विसरशील. तुझा मालक कसा विसरला ते मी पाहिलंय ना."

मालक म्हणजे तिने वाढवलेला मुलगा. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई, म्हणजे हिची सख्खी थोरली बहीण, आजारपणात गेली. पोराला परकी बाई नको, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, आणि तेवीस वर्षांच्या हिने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून बहिणीच्या नवऱ्याच्या घरात पाऊल टाकलं. स्वतःचं मूल झालं तर मायेची वाटणी होईल, म्हणून तेही होऊ दिलं नाही. जिवाचं रान केलं तिने त्या पोरासाठी! पण पोराने डूख धरल्यासारखं सोळा वर्षं अंतर राखलं. ताटात वाढलेलं जेवला, विचारलेल्याचं उत्तर दिलं, एवढंच. नवरा गेल्यावर घरात ती दोघंच उरली, तरी त्याच्या आणि तिच्यामधली भिंत तसूभर हलली नाही.

मग तो सैन्यात भरती झाला. "कुत्रा मित्राकडे ठेवलाय," असं जाताना म्हणाला. ते खोटं होतं. सैन्यात जाणाऱ्या तरुण पोरांच्या कुत्र्यामांजरांना घरं शोधून देणारं एक केंद्र शहरात होतं, तिथून कुत्र्याच्या लसीचा कागद मागायला फोन आला आणि तिला सगळं कळलं. ती तडक तिथे गेली. केंद्रातल्या बाईंनी फॉर्म पुढे ठेवला. 'जनावर सांभाळू शकेल असं घरी कोण आहे?' या प्रश्नापुढे पोराच्या सुबक अक्षरात दोनच शब्द होते. कोणी नाही.

कोणी नाही... सोळा वर्षं तापात उशाशी बसलेली, त्याच्या शाळेसाठी दुहेरी पाळ्या केलेली बाई म्हणजे कोणी नाही!

भिंतीवर त्या कोवळ्या जवानांचे फोटो लावलेले होते. बाई भारावून सांगत होत्या, "मिसरूड फुटलं न फुटलं तोच घरदार सोडून जातात हो ही पोरं. यांचं मुकं जनावर सांभाळणं, एवढं तरी आपण करावं की नाही?"

"करावंच," मावशी म्हणाली. "मी त्याची मावशी. कुत्रा मी नेते."

बाईंचे डोळे भरून आले. किती मोठं मन, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्या मनात काय शिजत होतं हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी साखळी हातात दिली नसती. त्यांनी पिशवीत घट्ट बांधलेला एक शर्ट दिला आणि बजावून सांगितलं, की प्रत्येक जवान जाताना अंगातला कपडा ठेवून जातो, तो रोज थोडा वेळ जनावराला हुंगायला द्यायचा, म्हणजे ते मालकाला विसरत नाही. आणि काही झालं तरी तो धुवायचा नाही.

घरी आल्या आल्या तिने तो धुतला. वाळवला, कडक इस्त्री केली आणि कपाटात ठेवून दिला. सूड कसा घ्यायचा ते तिच्या डोक्यात लख्ख होतं. हे जनावर असं आपलंसं करायचं, की पोरगा रजेवर येईल तेव्हा कुत्र्यानेच त्याच्याकडून तोंड फिरवलं पाहिजे. जीव लावलेल्याने ओळख नाकारली की काळजाला कशी घरं पडतात, ते त्यालाही एकदा कळू दे.

कुत्र्याचं नाव त्याने 'हवालदार' ठेवलं होतं. तिने 'बाळ्या' केलं. हाताने घास भरवले, थंडीत आपल्या पांघरुणाचं टोक दिलं. सूडापोटी केलेली माया असली तरी जनावराला ती मायाच वाटली, आणि खरं सांगायचं तर हळूहळू तिलाही. पण पोराचं पत्र आलं, त्यात 'तब्येत जप' एवढंच कोरडं वाक्य वाचलं, की आग पुन्हा भडके.

आठ महिन्यांनी तो आला. उन्हाने रापलेला, गालफडं बसलेली. केंद्रात चौकशी करूनच आला होता, दारातच गुडघ्यावर बसला आणि हात पसरून म्हणाला, "हवालदार! ये रे..."

कुत्रा भुंकला. दोन पावलं मागे सरला आणि मावशीच्या पायांमागे जाऊन गुरगुरू लागला.

पोराचे पसरलेले हात तसेच राहिले. आठ महिने घोकलेलं वाक्य तिने शांतपणे उच्चारलं.

"आता कळलं, कसं वाटतं ते?"

त्याने हात खाली घेतले. मग पायरीवर बसला. "शर्ट धुतलास ना? मला वाटलंच होतं. तुझा हात सवयीने धुवायलाच जातो. म्हणून तर घरी कोणी नाही असं लिहिलं. तुझं नाव दिलं असतं, तर त्यांनी कुत्रा तुझ्याकडेच पाठवला असता."

त्याने तिला पळवाट काढून दिली होती. तिने ती घेतली नाही.

"सवयीने नाही. मुद्दाम धुतला. तुला दुखवायला."

त्याने वर पाहिलं. "आणि आईचा स्वेटर?"

"कुठला स्वेटर?"

"निळा. मी उशीखाली ठेवायचो. त्याला आईचा वास होता. तू आलीस त्या पहिल्याच आठवड्यात तो धुऊन, घडी घालून माझ्या अंथरुणावर ठेवलास. मी रात्रभर हुंगत होतो... नुसता साबण, मावशी. आई दुसऱ्यांदा गेली. मी पाच वर्षांचा होतो, मला सांगता आलं नाही. आणि पुढे सांगायची लाज वाटली."

आठवला मावशीला तो स्वेटर. मळलेला, दुधाचे डाग पडलेला. पोराला स्वच्छ मिळावा म्हणून किती जपून धुतला होता तिने! सोळा वर्षं ती ज्या थंडपणाचा हिशेब मागत होती, तो तिनेच, आपल्या हाताने, मायेने, त्या घरात आणला होता. आणि जे तेव्हा अजाणता केलं, तेच आता तिने जाणूनबुजून केलं होतं. ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तेव्हा माहीत नव्हतं रे मला... आईशप्पथ माहीत नव्हतं. आत्ताचं मात्र माहीत असून केलं. त्याला माफी मागायलासुद्धा तोंड नाही मला."

"मीही एकदा बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "सगळ्यात वाईट काय माहितीये? तिकडे पहाऱ्यावर उभा असताना मी आठवून बघतो, आईचा वास कसा होता. आता आठवतच नाही."

मावशीने पदर डोळ्यांना लावला होता, तो खाली घेतला. "मला आठवतो," ती म्हणाली. "एका अंथरुणात वाढलो आम्ही. ताई शिवणकाम करायची, तिच्या उजव्या हाताला मशीनच्या तेलाचा वास असायचा, कितीही घासला तरी जायचा नाही. दाढ दुखायची तिची, म्हणून तोंडाला सदा लवंगेचा. आणि झोपली की खुशाल माझ्या अंगावर पाय टाकायची, ढकलला तरी पुन्हा टाकायची."

"पाय... माझ्याही अंगावर टाकायची," तो एकदम म्हणाला, आणि लहान पोरासारखा हमसून रडू लागला.

ती सरकत त्याच्याजवळ गेली. त्याने अंग आकसलं नाही. कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत जरा लांब बसला.

"आणखी सांग," तो म्हणाला.

"बारा दिवसांची रजा आहे ना? सगळं सांगते," मावशी म्हणाली, आणि ताई पहिल्यांदा मशीनवर बसली त्या दिवसापासून तिने सुरुवात केली.