अकराव्या वर्षी दुधाचे दात

"ही आपली मुलगी नाही," दंतवैद्य म्हणाले.

बायको फ्रिजवर नवा फोटो चिकटवत होती. तिचा हात तसाच थांबला.

पाच वर्षांपूर्वी दोघांनी एका संस्थेमार्फत दूरदेशीच्या एका मुलीचा खर्च उचलला होता. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दरवर्षी बायको एक पिवळा स्वेटर विणून पाठवी आणि संस्था तो घातलेल्या मुलीचा फोटो पाठवी. फ्रिजवर आता भाजीची यादी लावायला जागा नव्हती.

"चेहरा तर तोच आहे," बायको म्हणाली. "आणि स्वेटर बघा, कसा मापात बसलाय! मी उगाच जिवाला लावून घेतलं. या खेपेला चुकून जुन्याच मापाने विणला होता ना."

"चेहरा राहू दे, तोंड बघ. मागच्या वर्षी पुढचे दोन पक्के दात होते, डावा जरा तिरका. आता तिथे खिंडार आहे."

"पडली असेल कुठे तरी."

"पडून दात जातात. शेजारी दुधाचे दात उगवत नाहीत. हे तोंड सात वर्षांचं आहे."

बायको खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "मग आपली कुठाय? आहे ना?"

संस्थेला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका गोड आवाजाने सांगितलं आणि सबंध दुपार बासरी ऐकवली. शेवटी माणूस आला. "काळजी करू नका, मुलं वाढतात," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"वाढतात, पण उलटी नाही वाढत," डॉक्टर बंद फोनला म्हणाले आणि त्यांनी तिकिटं काढली.

दोन विमानं आणि एक बस बदलून दोघं संस्थेच्या शाखेत पोचले. भिंतीवर हसऱ्या मुलांचं कॅलेंडर होतं, महिना मागचाच. पंखा फिरत होता, पण वारा फक्त व्यवस्थापकांना लागत होता.

"मूल हरवल्याची तक्रार घ्यायला आमच्याकडे विभाग नाही," व्यवस्थापक म्हणाले. "सूचनापेटी आहे."

"आमच्या मुलीला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"मुलगी का? मला वाटलं मुलगा."

डॉक्टरांनी दातओठ खाल्ले. "आम्ही पाठवलेलं पार्सल कोण उघडतं?"

"मी नाही. आमच्या ताई वस्तीवर नेतात, मुलांसमोरच उघडतात. नियमच आहे तसा."

संस्थेचा फोटोग्राफर दाराला टेकून उभा होता. गुन्हेगार असावा तर असा, इतका तो नजर चुकवत होता.

"फोटो तुम्ही काढलात?"

"काढला. समोर उभं करतील त्याचा काढतो. मी कुणाला ओळखत नाही."

"स्वेटर कुणी घातला तिला?"

"घालूनच आली होती. घड्या दिसत होत्या अजून. 'हस' म्हटलं, हसली. तेवढंच माझं काम."

तेवढ्यात ताई आल्या, हातात चहाचा ट्रे घेऊन. दर सणासुदीला फोन करून "तुमची लेक मजेत आहे" म्हणणाऱ्या त्या याच. बायकोने त्यांचा हात धरला.

"ताई, खरं सांगा, स्वेटर आवडला का तिला?"

"अहो, नाचली! माझ्यासमोरच उघडला, घातला. पिवळा तर तिचा जीव की प्राण."

"बाह्या आखूड नाही झाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! बरोबर मनगटापर्यंत."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"हा स्वेटर आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा आहे. हिच्या हातून चूक झाली होती. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला त्याच्या बाह्या चार बोटं आखूड झाल्या असत्या. साहेबांना मुलगा की मुलगी हे ठाऊक नाही, ते सोंग काय उभं करणार? फोटोवाल्यासमोर मुलगी तयार होऊन आली. चेहरा जुळणारं मूल शोधायला वस्तीतली घरं माहीत हवीत आणि पार्सल आधी हातात यायला हवं. ताई, तुम्ही मुलीला स्वेटर दिला नाहीत. स्वेटरला मुलगी शोधलीत."

ताईंनी रिकामा ट्रे छातीशी धरला.

"मावसबहीण आहे तिची," ताई म्हणाल्या.

"आणि ती?" बायको पुढे सरकली. "ती कुठाय?"

"शाळेत. उत्तम आहे हो."

"मग?"

"तिच्या आईला शिवणकारखान्यात कायमचं काम लागलं. स्वतः आली होती इथे. म्हणाली, आमचं आता भागतं, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"एवढी चांगली बातमी! आणि ती तुम्ही लपवलीत?"

"चांगलीच तर लपवावी लागते," ताई चिडून म्हणाल्या. "मूल आजारी पडलं की लोक जास्त देतात. मूल सावरलं की अभिनंदन करून बंद करतात. दुसरं मूल सुचवा, तर म्हणतात, विचार करून कळवतो. या धाकटीच्या घरात कमावणारं कुणी नाही. मी तुमच्या विचाराची वाट बघत बसू?"

बायको नवऱ्याकडे वळली. "आपण पैसे बंद केले असते का हो?"

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी एक घोट घेतला. दात ओळखण्यात त्यांनी हयात घालवली होती, आता स्वतःचेच दाखवायची वेळ आली होती.

"मी तर अभिनंदनाचं कार्डही पाठवलं असतं," ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी ही बाब वर कळवावी लागेल असं सांगितलं. वर कुठे, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

संध्याकाळी वस्तीवर दोघी मुली भेटल्या. मोठी बायकोच्या खांद्याएवढी उंच झाली होती. तिने "कोण?" असं विचारलं आणि कळल्यावर हसली. डावा दात तिरकाच होता. बायकोने तिला इतका वेळ कुशीत धरलं, की मुलगी अवघडली.

धाकटी पिवळ्या स्वेटरमध्ये घामाघूम उभी होती. पाहुणे आले म्हणून घातला होता.

"तुला कुठला रंग आवडतो गं?" बायकोने पर्समधून मापाची टेप काढत विचारलं.

धाकटीने ताईंकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको बघू. तुझं तू सांग."

धाकटीने दातांच्या खिंडारातून जीभ काढली, विचार केला आणि म्हणाली, "हा सोडून कुठलाही."