मऊ करून नेलेले पाय

"खबरदार, आजपासून माझ्या लेकीच्या पायांना हात लावलात तर!"

इस्पितळातून परतल्यावर दार लावायच्या आतच वहिनी कडाडली, आणि टिल्लीला कडेवर घेऊन उभी असलेली आत्या जागच्या जागी थिजली.

सहा वर्षांच्या टिल्लीची ती आत्या, तिच्या बापाची धाकटी बहीण. वेळेआधी जन्मलेल्या टिल्लीच्या मेंदूला इजा झाली होती आणि तिचे पाय कायम ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले असत. दादा-वहिनी दोघंही नोकरदार. मग छापखान्यातली पुस्तकबांधणीची हातची नोकरी सोडून, आलेली दोन स्थळं परत धाडून आत्याने पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ ते पाय शेकले, चोळले, इंचाइंचाने ताणले...

कमरेतून पायांकडे जाणाऱ्या नसांमधले ताठरपणा वाढवणारे धागे तेवढे निवडून कापायचे, अशी एक शस्त्रक्रिया असते. पण वर्षाच्या अंतराने दोनदा तपासून सर्जन म्हणाले होते, "ताठरपणा बेताचाच आहे, इतक्यात नको." आज तिसऱ्या खेपेला व्यायाम शिकवणाऱ्या नव्या बाईंनी सहज विचारलं, "येण्याआधी काही करता का हो पायांना?" आणि आत्या मोठ्या अभिमानाने म्हणाली, "करते तर! तासभर शेकून, ताणून, मऊ करूनच आणते!"

पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसे तिने दर खेपेला ते पाय आवरून नेले होते. डॉक्टरांनी नावं ठेवू नयेत, एवढाच त्या भोळीचा हेतू! आणि त्या घटकाभराच्या मऊपणाने खरा ताठरपणा झाकला, पोरीची दोन मोलाची वर्षं खाल्ली.

"मुद्दाम केलंत तुम्ही, वन्सं! पोर चालायला लागली तर या घरात तुम्हाला कोण विचारणार होतं?"

"वहिनी!... अहो, माझ्या पोटची नसली तरी..."

"नाहीच ती तुमच्या पोटची!"

आत्याने दादाकडे पाहिलं. दादा खाली वाकून बुटाची नाडी सोडवत होता, आणि ती नाडी काही केल्या सुटत नव्हती.

आठ दिवसांनी फेरतपासणी होती. त्या दिवशी सकाळी व्यायाम करू नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलेलं. वहिनीने रजा काढून आठही दिवस आत्याला बंदी घातली. तिसऱ्या दिवशी टिल्लीच्या पोटऱ्यांचे दगड झाले. "आत्या, पाय! आत्या गं!..." पोर टाहो फोडी, वहिनी दातओठ खाऊन पाय दाबी आणि तो अधिकच उसळे. भिंतीपलीकडे आत्या तोंडात बोळा कोंबून बसून राही. टाचेखालून धरा, सावकाश... शब्द ओठांवर येत आणि तिथेच मरत. खरंच का माझ्या मनात तसं काही होतं? या एका शंकेने तिचं काळीज कुरतडून काढलं.

फेरतपासणीत सर्जननी गुडघा वाकवला, पाऊल झटक्याने वर केलं आणि मान हलवली. "आता खरं दिसलं. शस्त्रक्रिया करू." मग ते जरा थबकले. "इतका ताठरपणा असूनही स्नायू आखूड झालेले नाहीत. एरवी नुसत्या नसा कापून भागत नाही, पुढे स्नायूही सोडवावे लागतात. कुणी घेतली एवढी मेहनत?"

आत्या दाराशीच उभी होती.

"घरीच करतो आम्ही," वहिनी म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. ताठरपणा गेला, पण ज्या ताठरपणावर टिल्ली कशीबशी उभी राहायची तोही गेला; आता पायांत नव्याने ताकद आणायची होती. व्यायाम आईने शिकून घेतले. आत्याने छापखान्यात शब्द टाकला, जवळच एक खोली पाहिली आणि बॅग भरायला घेतली.

वहिनी दारात आली.

"वन्सं, तुम्ही मुद्दाम केलंत असं मला कधीच वाटलं नव्हतं. कळ आली की तिने आईला हाक मारावी... एवढंच हवं होतं हो मला! मारलीन का तिने कधी? म्हणून डॉक्टरांसमोर तुमचं नाव गिळलं मी. क्षमा करा..."

आत्याचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडाच राहिला. "क्षमा माझ्याकडे कसली मागता? ज्यांनी विचारलं, त्यांना सांगा."

वहिनी खरंच गेली. दुसऱ्या दिवशी आत्याचं मनगट धरून, इस्पितळातल्या रांगेतल्या सगळ्या आयांसमोर तिने सर्जनना गाठलं. "डॉक्टर, ती मेहनत माझी नव्हती. हिची होती. पाच वर्षं! मी त्या दिवशी खोटं बोलले."

सर्जननी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. कोण, कुठल्या, कधी... त्यांना काही आठवेना.

"असं होय? छान, छान," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पोराला आत बोलावलं.

एवढ्यासाठी!... उभ्या आयुष्याचं चिपाड झालं ते एवढं ऐकण्यासाठी! आत्याला हसू फुटलं, कडू, आवरता न येणारं हसू. वहिनी मात्र तिथेच, त्या रांगेत, हमसून हमसून रडू लागली.

"पुरे आता, वहिनी. लोक बघताहेत," आत्या म्हणाली. "चला घरी. टाच कशी धरायची ते दाखवते तुम्हाला... मग जाईन."