डावीकडे वळलं की अंधार

थोरल्या मावशीला जुळं झालं, त्या वर्षीच्या सुट्टीतली ही गोष्ट. दोन तान्ह्यांच्या रडण्यापुढे घरातल्या मोठ्या मुलाकडे बघायला कोणाला सवड नव्हती, म्हणून मावशीचा ढब्बू पिशवी भरून चिमटीच्या घरी येऊन पडला. आणि तो आला त्याच आठवड्यात मामा मोटारसायकलसकट रस्त्याकडेच्या चरात गेला.

चिमटी सातवीतून आठवीत गेली होती. ती बोलली की समोरच्याला चिमटा बसायचा, म्हणून ते नाव. तिचा धाकटा भाऊ दिवसभर तिच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. राहायचा त्यांच्याकडेच, आणि औषधांच्या दुकानातून डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं पोचवायचा. वर दिवेलागणीला धुकं उतरायचं. हाताला धरलेलं पोर दिसणार नाही असं धुकं. म्हणून त्याने हौसेने नव्हे, गरजेने गाडीला पुढे दोन जादा दिवे बसवून घेतले होते. त्याच दिव्यांसकट तो घाटातल्या शेवटच्या वळणावर चरात गेला, आणि हात मोडून घेऊन घरी आला.

"वळलो आणि सगळं एकदम काळं झालं," मामा सांगत होता. "नवे दिवे गेले, जुना मोठा दिवाही गेला. काहीच दिसेना."

हे ऐकून दिवेवाला स्वतः घरी आला. नाक्यावर त्याचं दिवे बसवायचं दुकान होतं, आणि मामाचे जादा दिवेही त्यानेच बसवले होते. त्याने मामाची गाडी अंगणात मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, किल्ली फिरवली, बटण दाबलं. तिन्ही दिवे लख्ख पेटले.

"बघा," तो हात झटकत म्हणाला. "माझं काम म्हणजे काम. दिवे जागेच होते, ताई. तुमचा माणूस झोपला असेल."

आईचं तोंड एवढंसं झालं. आणि त्याच्यासोबत आलेले औषधांच्या दुकानाचे मालक, औषधवाले काका, म्हणाले, "औषधं घेऊन जाणारा माणूस वाटेत डुलक्या काढणार असेल तर मला परवडायचं नाही. हात बरा होऊ दे, पण पुढच्या महिन्यापासून मी दुसरा माणूस बघतो."

दोघं गेले. चिमटीची कानशिलं तापली होती.

"तू झोपला होतास का, मामा?"

मामाने प्लास्टरातल्या हाताकडे पाहिलं. "काय माहीत गं. दिवे तर पेटतायत. म्हणजे डोळाच लागला असेल माझा."

चिमटीला दिवेवाल्याचा जेवढा राग आला, त्याहून जास्त या बोलण्याचा आला. मामा कधी खोटं बोलत नसे, आणि आता तो स्वतःलाच खोटा ठरवत होता. एका माणसाने हात झटकून चार शब्द बोलायचे आणि दुसऱ्याने आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास सोडायचा, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट गाडीवर चढून बसला आणि तोंडाने गुरगुरत घाट चढू लागला. किल्ली गाडीलाच होती. त्याने दिवे लावले आणि हँडल इकडून तिकडे फिरवायला सुरुवात केली.

"उतर आधी," ढब्बू ओरडला. "बॅटरी संपवशील."

"मी नाही संपवत. दिवे आपले आपणच जातायत."

"आपले आपण जायला ते काय पाहुणे आहेत?"

पण चिमटी पायरीवरून उठली होती. "शेपटा, परत वळव. हळू."

हँडल उजवीकडे गेलं, तिन्ही दिवे पेटलेले. मध्ये आलं, पेटलेले. डावीकडे पूर्ण गेलं आणि तिन्ही दिवे फट्दिशी विझले. पुन्हा मध्ये आणलं तर पुन्हा पेटले, जसं काही झालंच नाही.

"मामाचं वळण कुठलं होतं?" चिमटीने विचारलं.

"डावं," ढब्बू म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

तिघांनी गाडीच्या मानेखाली डोकी घातली. हँडल जिथे फिरतं तिथे काळ्या चिकटपट्टीचं एक गाठोडं होतं. हँडल सरळ असताना ते ढिलं दिसायचं. डावीकडे नेलं की वायर ताणली जाऊन गाठोडं लांब व्हायचं.

"सोडू या?" ढब्बूची बोटं शिवशिवत होती.

"हात लावायचा नाही," चिमटी म्हणाली. "आपण सोडलं तर दिवेवाला म्हणेल, पोरांनीच खराब केलं. आणि मोठी माणसं त्याचंच ऐकतील."

"मग मामाला तरी सांगू."

"मामा दिवेवाल्याकडे जाऊन शांतपणे विचारेल. तो गोड बोलेल, गुपचूप नीट करून देईल आणि गावभर सांगेल, मी फुकट तपासून दिलं, काहीच नव्हतं. नको. त्याने सगळ्यांसमोर मामाला झोपाळू म्हटलंय. उत्तरही सगळ्यांसमोर हवं."

पोस्टमनकाकांच्या गाडीलाही तसेच दिवे होते. ते टपाल द्यायला आले तेव्हा चिमटीने त्यांना फाटकातच अडवलं. "काका, तुमचे दिवे कधी जातात का?"

"जातात की. रोज सकाळी गाडी काढताना जातात. मग एक टपली मारली की येतात." काका हसले. "यंत्रालाही लाड लागतात."

"गाडी रात्री कशी लावता?"

"कशी म्हणजे? हँडल डावीकडे वळवून कुलूप लावतो. सगळेच लावतात."

"मामाही तसंच लावतो," चिमटी म्हणाली. "काका, आता दिवे लावून हँडल डावीकडे घ्या."

काकांनी घेतलं. दिवे गेले. काकांचं हसूही गेलं. त्यांनी दोनतीनदा करून पाहिलं आणि मग खाली बसून त्या गाठोड्याकडे बघतच राहिले. "म्हणजे रोज रात्री कुलूप लावताना मीच हा जोड ओढतोय," ते म्हणाले. "आणि दुकानात गाडी कायम मधल्या स्टँडवर, हँडल सरळ. तसंच बसवायचं, तसंच तपासायचं. वळवून बघायचं कोणाला सुचलंच नाही."

"काका, अजून एक. दिवेवाल्याच्या स्वतःच्या गाडीची वायर बघायचीय. ती दुकानाबाहेरच असते. तुम्ही त्याला बोलण्यात गुंतवाल?"

"टपाल घेऊन गेलो की लोक आपोआप गुंततात," काका म्हणाले.

ढब्बू त्या गाडीखाली वाकून आला तो लालबुंद होऊन. "त्याच्या गाडीत गाठोडंच नाही. मोठ्या दिव्याची वायर अखंड आहे, कुठेही कापलेली नाही. नव्या दिव्यांची वायर वेगळी, थेट बॅटरीवरून आलेली. मध्ये फ्यूज, एक छोटी काळी डबी, आणि मानेपाशी वायरीला चांगला झोळ सोडलाय."

"ती डबी म्हणजे रिले," मागाहून आलेले पोस्टमनकाका म्हणाले. "जादा दिव्यांचा भार बटणावर पडू नये म्हणून लावतात."

"म्हणजे त्याला येतं," चिमटी सावकाश म्हणाली. "येत नसतं तर एक वेळ समजलं असतं. येतं, आणि आपल्याला चिकटपट्टी."

शनिवारी सकाळी नाक्यावर गर्दी होती. औषधांचं दुकान दिवेवाल्याच्या दुकानासमोरच. पोस्टमनकाकांनी आणि मुलांनी मामाची गाडी ढकलत आणली. मामा गळ्यात हात बांधून मागून येत होता. "अगं, पण कशाला? झालं ते झालं."

"मामा, तू फक्त उभा राहा," चिमटी म्हणाली.

ढब्बू औषधवाल्या काकांकडे गेला आणि गरीब तोंड करून म्हणाला, "काका, नव्या माणसाच्या गाडीलाही दिवे लागतीलच ना? एकदा नीट बघून घ्या. दिवेवाले काका दाखवतायत." मग रस्ता ओलांडून दिवेवाल्याला म्हणाला, "समोरच्या काकांना दिवे बघायचेत."

गिऱ्हाईक म्हटल्यावर दिवेवाला खुलला. तो पुढे झाला आणि सवयीने गाडी मधल्या स्टँडवर घेऊ लागला.

"नुसती उभी काय दाखवताय?" पोस्टमनकाका म्हणाले. "बसा की. चालवणारा बसतो तसे."

दिवेवाला ऐटीत बसला. दिवे लागले. चिमटीने औषधवाल्या काकांना अगदी गाडीच्या डाव्या हाताला नेऊन उभं केलं होतं.

"इथून काही दिसत नाही," काका म्हणाले. "इकडे दाखवा जरा."

"हे घ्या," म्हणत दिवेवाल्याने हँडल डावीकडे पूर्ण वळवलं.

तिन्ही दिवे विझले.

"हे काय?" काका म्हणाले.

दिवेवाल्याने हँडल मध्ये आणलं, दिवे आले. घाईघाईने पुन्हा डावीकडे नेलं, गेले. कोणीतरी मागून म्हणालं, "दिव्यालाही डुलकी लागली वाटतं." लोक हसले.

"पोरांनी वायरी ओढल्या असणार," दिवेवाला चिडला. "हात लावतात आणि मग माझं नाव."

"माझ्या गाडीला नाही कोणी हात लावला," पोस्टमनकाका म्हणाले. त्यांनी आपली गाडी पुढे घेतली, दिवे लावले, हँडल डावीकडे नेलं. विझले. गर्दीतून एक दूधवाला आपली गाडी घेऊन आला. त्याचेही विझले. आता कोणी हसत नव्हतं.

औषधवाल्या काकांनी स्वतः मामाच्या गाडीवरची चिकटपट्टी सोडली. आत मोठ्या दिव्याची मूळ वायर कापून तिला नव्या दिव्यांच्या वायरी हातानेच पिळून जोडल्या होत्या. तिन्ही दिव्यांचा जीव त्या एका पिळाला टांगलेला. निम्म्या तारा तुटल्या होत्या, उरलेल्या नुसत्या एकमेकींना टेकत होत्या.

"आता तुमची गाडी वळवा," चिमटी दिवेवाल्याला म्हणाली.

"माझ्या गाडीचा इथे काय संबंध?"

"वळवा ना, काका."

तो जागचा हलला नाही. शेवटी पोस्टमनकाकांनीच ती वळवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दिवे विझले नाहीत.

"तुमच्या गाडीला वेगळी वायर, रिले, फ्यूज," चिमटी एका दमात म्हणाली. "म्हणजे नीट कसं करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मग माझा मामा काय रस्त्यावर पडलेला होता? तो अंधारात वळणावर गेला, आणि तुम्ही आमच्या अंगणात येऊन त्याला झोपाळू म्हणालात."

दिवेवाला जमिनीकडे बघत पुटपुटला, "नीट करायला अर्धा दिवस जातो. लोकांना तासाभरात हवं असतं."

"लोकांना उजेड हवा असतो," औषधवाले काका म्हणाले. मग ते मामाकडे वळले. "चुकलो मी. तुझं ऐकायला हवं होतं. हात बरा झाला की तूच ये. तोवर औषधं मी स्वतः पोचवतो."

मामाने त्या पिळलेल्या तारा बऱ्या हाताने उचलून पाहिल्या. "मी जागा होतो," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्याने म्हणाला, "मी जागाच होतो."

पुढचा आठवडाभर दिवेवाल्याने नवं काम घेतलं नाही. गावातल्या सगळ्या गाड्या त्याने पुन्हा उघडल्या. मोठ्या दिव्याच्या वायरी पूर्ववत केल्या, नव्या दिव्यांना बॅटरीवरून वेगळी वाट दिली. प्रत्येक गाडी झाली की शेपूट तिच्यावर चढून हँडल दोन्हीकडे वळवायचा आणि मान डोलावल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. पोस्टमनकाका म्हणाले, "या पोराला टपालखात्यात घ्यायला हवं." आईने त्या शनिवारी रात्रीच तिघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मीसुद्धा तुमच्या मामावर संशय घेतला होता. तुम्ही नाही घेतलात."

मामाने त्या घाटात पुढे खूप वर्षं औषधं पोचवली. गाडीवर बसला की आधी हँडल डावीकडे, मग उजवीकडे वळवायचा आणि मगच निघायचा. त्या वळणावर त्याला पुन्हा कधी काही झालं नाही. मामा वारला तो चिमटीला धाकटी मुलगी झाली त्या वर्षीच्या हिवाळ्यात, घरी, आपल्या अंथरुणात, सकाळच्या उजेडात.