तिसरा मोजा

सकाळी सहाच्या बसने आम्ही निघणार होतो आणि रात्री साडेनऊला मी लेकीची बॅग तिसऱ्यांदा उपसून जमिनीवर मांडून बसले होते. लेक वर्षाची. तिला घेऊन हॉटेलात राहायची ही पहिलीच खेप. यादी केली होती: डायपर चोवीस, दुपटी सहा, बाटल्या तीन, थर्मामीटर एक. यादीवर माझा विश्वास होता. ती करणारीवर तितकासा नव्हता. म्हणून तर हॉटेलला चार वेळा फोन झाला होता. उकळलेलं पाणी मिळेल का, खोली कितव्या मजल्यावर, खिडकीला जाळी आहे का. चौथा फोन, ती जाळी घट्ट बसवलेली आहे का, यासाठी.

आमच्या पाठीमागे घर सांभाळायला मोठे काका आले होते. माझे चुलतसासरे. तीस वर्षं त्यांनी एका हॉटेलात चादरी-टॉवेलांची खोली सांभाळली. एका हाताने घडी घालत दुसऱ्या हाताने डाग शोधायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. लेकीची दुपटी माझ्याकडून घेऊन त्यांनी त्यांच्या घड्या पुन्हा घातल्या होत्या. नणंदेची दोन्ही मुलंही मुक्कामाला होती. थोरली कॉलेजात, धाकटा बारावीत. जेवणं झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीतला दिवा मालवला आणि काकांना गोष्ट सांगायला लावलं. स्वयंपाकघरातला उजेड तेवढा उंबऱ्यापर्यंत येत होता. मी त्या उजेडात बसून मोजे जुळवत होते.

काका मला म्हणाले, "सूनबाई, अजून एक फोन करून टाक. पाच झाले की खोलीला तुझंच नाव देतील."

पोरं हसली. मीही हसले, कारण पाचवा फोन करायचा विचार खरंच डोक्यात होता.

मग काका सरसावून बसले. म्हणाले, "आमच्याकडेही एक अशी आली होती. तिचे चार झाले. पण त्यातला तिनं… एकच केला होता."

धाकट्याने आधीच बजावलं, की काका, तुमच्या गोष्टीत दर वेळी नेमके दिवे जातात, तेवढं आज नको. काका म्हणाले, नाही रे बाबा, या गोष्टीत दिवे गेले असते तर बरं झालं असतं. यात एक दिवा लागतो.

गोष्ट त्यांच्या मित्राची. हॉटेलात रात्रपाळीला काउंटरवर बसायचा. अक्षर मोत्यासारखं म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. काकांच्या मते मास्तरने खोटं बोलणं शक्यच नव्हतं, त्याला तेवढी कल्पनाशक्ती देवाने दिलेली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वीची एकवीस फेब्रुवारी. गुरुवार. मास्तर आठ वाजता कामावर आला.

काउंटरवर फोनचा एक फळा होता. त्यावर प्रत्येक खोलीच्या नंबराखाली बारीक दिवा. खोलीतून कुणी फोन उचलला की त्या नंबराचा दिवा लागायचा. बाहेरून फोन आला तर वरचा मोठा तांबडा. त्या संध्याकाळी मास्तरने एका बाईचे तीन फोन घेतले. आज रात्री बाळाला घेऊन येतोय, दोनशे बारा नंबर आमच्या नावावर आहे, असं तिने सांगितलं. नोंद होतीच. दोन दिवसांपूर्वी दिवसपाळीवाल्याने फोन घेतला होता. मास्तरने तिच्या सूचना वहीत उतरवल्या. सव्वाआठला: खोलीत पाळणा हवा. नऊला: पाळणा खिडकीखाली लावा, त्याला वाऱ्याशिवाय झोप येत नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी: तो डाव्या पायातला मोजा काढून फेकतो. सापडला तर जपून ठेवा.

तिन्ही वेळा दिवा लागला तो दोनशे बाराचा. खोली रिकामी, कुलूप लावलेलं, दोन्ही किल्ल्या मास्तरच्या पाठीमागे खुंटीवर. पण फळा जुना होता. हवेत दमटपणा आला की कुठलाही फोन कुठल्याही दिव्यावर उतरायचा. मास्तरने तेवढंच धरलं. पाळणा वर पाठवला आणि खिडकीखाली लावून घेतला.

अकरा चाळीसला ती तिघं आली. बस रस्त्यात बंद पडली होती. नवऱ्याच्या दोन्ही हातांत बॅगा, बाईच्या खांद्यावर अकरा महिन्यांचा मुलगा, गाढ झोपलेला. मास्तरने फॉर्म पुढे केला. नवरा भरायला लागला. मास्तर बाईला आदबीने म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसं सगळं केलंय. पाळणा खिडकीखालीच आहे."

बाई म्हणाली, मी फक्त उकळलेलं पाणी सांगितलं होतं. परवा.

मास्तरने वही फिरवून दाखवली. तिने वाचलं. पहिली दोन वाक्यं वाचून ती नवऱ्याकडे वळली. तिला वाटलं त्याने फोन केले. त्याला वाटलं तिने. तो हळू आवाजात म्हणाला, की अगं, केला असशील गडबडीत, हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही. तसं झालंही होतं म्हणे. बाळ झाल्यापासून ती गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून परत जायची. एकदा कुलूप लावून किल्ली आत ठेवून आली होती. सासूबाईंनी सगळ्या नात्यात त्याचा बभ्रा केला होता.

(इथे मी हातातला मोजा खाली ठेवला. आमच्या घरी कुलुपाची गोष्ट अजून फक्त सासूबाईंपर्यंतच पोचली आहे.)

मग तिने तिसरं वाक्य वाचलं.

ते मोजे तिने स्वतः विणले होते. हिरव्या लोकरीचे. आयुष्यातलं पहिलं विणकाम. टाचेपाशी तिचे टाके चुकले, दोन्ही मोज्यांना तिथे गाठीसारखा फुगवटा आला, आणि घरच्यांनी हसून पुरेवाट केली. तो मुलाला बोचत असावा, म्हणूनच तो डावा मोजा काढून फेकायचा. हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं, कारण मग ते मोजे घालणंच बंद झालं असतं.

तिने मुलाचे पाय शालीतून बाहेर काढले. मास्तरला दाखवले. "बघा. दोन्ही आहेत."

मास्तरने पाहिले. हिरवे. टाचेला गाठ.

नवरा थकलेला होता. तो म्हणाला, "सकाळी बोलू. आता वर चल."

आणि ती निघालीही. काका म्हणाले, हेच मला कधी कळलं नाही. वाघिणीसारखी उभी राहिलेली बाई, पण नवऱ्याने विसरलीस म्हटल्यावर… तिला स्वतःचीच शंका आली. केलेही असतील आपणच फोन. तिने फॉर्मवर सही केली. मास्तरने एक किल्ली तिच्या हातात ठेवली. दुसरी खुंटीवर होती.

तेवढ्यात फळ्यावर दिवा लागला.

दोनशे बारा.

मास्तरने दिव्याकडे पाहिलं. खुंटीकडे पाहिलं. बाईच्या हाताकडे पाहिलं.

घंटा वाजत होती.

नवरा म्हणाला, उचला की.

मास्तरने उचलला. कानाला लावला. आणि तो त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिला… कारण तिचे ओठ मिटलेले होते. आणि आवाज तिचा होता.

"आले का ते?"

मास्तरने नुसती मान हलवली.

"मग त्याला वर पाठवा."

…

"फक्त त्याला."

काका थांबले. थोरलीने पाय पलंगावर ओढून घेतले. मी आतल्या खोलीकडे कान दिला. लेकीचा श्वास ऐकू येत होता. मी तो मोजत होते, हे नंतर ध्यानात आलं.

मास्तरने फोन ठेवला. हात पुढे केला. म्हणाला, "बाई, किल्ली द्या."

तिने का म्हणून विचारलं नाही. दिली. नवऱ्याने विचारलं, दोनदा, आवाज चढवून. मास्तरने सांगितलं की दुसरी खोली रिकामी नाही, पण बाहेरच्या सोफ्यावर बसा, बत्ती चालू ठेवतो. नवरा आणखी काही बोलणार होता. मग त्याला फळ्यावर दोनशे बाराचा दिवा पुन्हा लागलेला दिसला. एक किल्ली मास्तरच्या हातात, दुसरी खुंटीवर.

तिघं रात्रभर सोफ्यावर बसली. पहिल्या तासानंतर नवऱ्याने आपला कोट काढून तिच्या आणि मुलाच्या अंगावर घातला. पुन्हा एकदाही तो विसरलीस म्हणाला नाही. फळ्यावरचा दिवा लागत होता. विझत होता. लागत होता. मास्तरने घंटेची तार काढून ठेवली होती.

सहा वाजता ती तिघं पहिल्या बसने परत गेली. दारातून बाहेर पडताना बाईने मुलाचे पाय पुन्हा बघितले. दोन्ही मोजे जागेवर होते.

मग मास्तरने झाडूवाल्याला सोबत घेऊन दोनशे बारा उघडली. कुलूप बाहेरून तसंच. आत खिडकी सताड उघडी. खोलीत फेब्रुवारीची थंडी. पाळण्यातल्या चादरीत एक लहानसा खळगा होता. मास्तरने हात लावला.

ऊब होती.

त्याने चादर गुंडाळली आणि काकांकडे धुवायला पाठवली. "एवढं सगळं मास्तरने सांगितलेलं," काका म्हणाले. "मी पाहिलं ते एवढंच, की चादर झटकली आणि त्यातून एक मोजा पडला. हिरवा. टाचेला गाठ असलेला. मास्तरला दाखवला, तर त्याने वही उघडून ते तिसरं वाक्य माझ्यापुढे धरलं."

मग धाकट्याला धीर आला. तो म्हणाला, काका, झकास होती, पण मामी उद्या हॉटेलात पाऊल ठेवणार नाही याचं पाप तुम्हाला. मलाही तेच वाटत होतं, की चार फोन करणाऱ्या सुनेला चिमटा काढायला म्हाताऱ्याने रचलेली दिसते. मी शिकलेली बाई आहे. हसतच विचारलं, "आणि काका, तो मोजा कुठे गेला?"

काका उठले. आपल्या पिशवीतून एक कागदी पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, जपून ठेवा असं सांगणं होतं, म्हणून जिथे जातो तिथे सोबत नेतो.

पाकीट चांगलं जाड होतं. मी उजेडात उघडलं. हिरव्या लोकरीचा मोजा. टाचेपाशी गाठीसारखा फुगवटा. थोरली वाकून बघत होती. तिला हसू फुटलं.

"अहो काका, हा तर मोठ्या माणसाचा आहे. आपल्या मामाला येईल."

काका हसले नाहीत. त्यांनी अंगठा आणि तर्जनी लांबवून टीचभर माप दाखवलं.

"तेव्हा एवढाच होता," ते म्हणाले.

मी मोजा उलटा केला. त्याचा तळवा चालून चालून झिजलेला होता.