पुष्करचं वकीलपत्र

"मिलॉर्ड, हा आरोपी धादांत खोटं बोलतोय!"

किशोरीने हात लांब करून बोट रोखलं. समोर मिलॉर्ड नव्हते. तारकर्लीच्या वाळूत, पावसाळ्यासाठी वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेली एक होडी होती. तीच आरोपी. श्रावणाची भुरभुर नुकतीच थांबली होती. झापांवरून थेंब टपटपत होते आणि किनाऱ्यावर चिटपाखरूही नव्हतं... निदान तिला तसं वाटलं.

"आरोपीक काय तरी सांगूचा आसा," होडी म्हणाली.

किशोरी दचकून दोन पावलं मागे सरली. होडीच्या पलीकडून कुरळ्या केसांचं एक डोकं वर आलं. हातात पाना, गालावर ग्रीसचा काळा पट्टा. मागे गोणपाटावर होडीच्या इंजिनाचे सुटे भाग पसरलेले.

"तू... तू सगळा आयकलंस?"

"सुरवातीपासून," तो हसू दाबत म्हणाला. "दम बरो देतंस गो. पण आरोपीक एकदा तरी बोलूक दी!"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती वळली आणि ओल्या वाळूतून तरातरा चालू लागली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. माडांच्या सावलीत पोचल्यावर मात्र तिने वळून बघितलंच. तो अजून तिथेच उभा होता, पाना हातात धरून.

किशोरी नांदगावची. बारावीनंतर वडिलांचं पाठीचं दुखणं निघालं आणि काजूची बाग, भाताचा मळा तिच्यावर आला. वडील पुन्हा उभे राहिले तोवर तिच्या बरोबरीच्या मुली पदवीधर होत आल्या होत्या. तिला वकील व्हायचं होतं. मालवणच्या एका कॉलेजात कायद्याच्या पदवीला जोडून एक पायाभूत वर्ष होतं. ज्यांचं शिक्षण मधे सुटलं किंवा गुण कमी पडले, त्यांनी आधी ते करायचं. भाषा, तर्कशास्त्र, युक्तिवाद. त्यात पास झालं तरच पुढचा रस्ता. ती तारकर्लीला शेवंती मावशीकडे राहत होती. पर्यटकांच्या खोल्या सांभाळायला मावशीला मदत करायची आणि कॉलेज करायचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाने उभं राहून एक बाजू मांडायची होती. किशोरी उठली. होडीसमोर खणखणीत वाजलेलं एकही वाक्य आठवेना. पुढच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिने घाबरून नजर वर केली, तर मागच्या बाकावर तोच कुरळ्या केसांचा! वर्ग सुरू होऊन आठवडा झाला होता, पण तो एकदाही फिरकला नव्हता. तिच्याकडे बघत त्याने बेड्या घातल्यासारखी मनगटं जुळवली आणि मान खाली घालून बसला. बिचारा आरोपी!

किशोरीला खुदकन हसू आलं. हसण्याबरोबर आवाजही मोकळा झाला, आणि मग ती बोलतच सुटली. तिच्यानंतर तो उठला आणि सफाईदार इंग्रजीत बोलला.

"माझा नाव पुष्कर," वर्ग सुटल्यावर तो म्हणाला. "आता तरी राग गेलो?"

"अर्धो गेलो," ती म्हणाली. "बाकीचो इंग्रजी शिकवशीत तेव्हा जायत."

तेव्हापासून ती दोघं एकत्र बसू लागली. पुष्करचं इंग्रजी चांगलं होतं, पण तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं की त्याला जांभया येत. किशोरी त्याच्या डोक्यावर पट्टी मारून उदाहरणं सोडवून घ्यायची. सरांनी एकदा सरावाला खटला दिला. फणसाचं झाड एकाचं, फांदी दुसऱ्याच्या अंगणात, फणस कोणाचा? दोघं विरुद्ध बाजूंना आली.

"फणस माझो," पुष्कर हटून बसला. "माझ्या अंगणात पडलो."

"झाडाक पाणी कोणी घातलान?"

"बरा, फणस तुझो. पण गऱ्यांतले चार माका दी."

"आणि उरलेले?"

"ते खाऊच्या वेळेक तू पण माझ्याच अंगणात आसशीत... मगे वाटणी कसली करतंस?"

किशोरीने पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं. त्या पानावर काय छापलं होतं, ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नव्हती. खाडीतून एखादी होडी गेली की पुष्कर बोलता बोलता थांबायचा. मान कलती करून आवाज ऐकायचा. "इंजिन अडखळता आसा तिचा," म्हणायचा, आणि त्याच्या डोळ्यांत जे चमकायचं ते वर्गात कधीच दिसायचं नाही.

मे महिन्यात निकाल लागला. दोघंही पास! किशोरी धावतच किनाऱ्यावर गेली. मोगऱ्याचा गजरा माळलेला, श्वास फुललेला.

"पुढच्या वर्षी पुढच्या बाकावर बसूचा हां!"

पुष्कर हसला नाही.

"किशोरी... मी पुढे येवचंय नाय. गोव्यात होडीच्या इंजिनांचो कोर्स आसा. माका ताच करूचा आसा."

लाटेचं पाणी तिच्या पायांपर्यंत येऊन मागे गेलं.

"मगे वर्षभर कित्याक इलंस?"

"पयल्याच आठवड्यात सोडूचा ठरवलेलंय." तो वाळूकडे बघत होता. "मगे तू होडयेक दम देताना गावलंस... ता आमच्याच वर्गाच्या सरावाचा, म्हणान दुसऱ्या दिवशी तुका बगूक वर्गात गेलंय. मगे जातच रवलंय."

हे ऐकून ती सुखावलीही असती. पण त्याहून आधी राग आला.

"आवशीक सांगलंस?"

"नाय."

"म्हणजे माका सांगतंस आणि जिका सांगूक होया तिका नाय? ती वर्षभर आशा लावून बसली आसा, पुष्कर!"

त्याने पायाच्या अंगठ्याने वाळूत एक रेघ ओढली. मग हळूच म्हणाला, "आवशीक सांगूक तू येशीत माझ्याबरोबर?"

पुष्करची आई, शर्मिलाताई, कोर्टाच्या कचेरीत कारकून. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलाला वाढवलं. रोज काळे कोट बघत आयुष्य गेलेलं, आणि त्यातला एक कोट आपल्या मुलाच्या अंगावर असावा एवढंच त्यांचं स्वप्न. घरात त्या शुद्ध मराठीच बोलायच्या आणि मुलानेही तसंच बोलावं असा त्यांचा आग्रह.

रविवारी दुपारी मालवणच्या घरी दोघं त्यांच्यासमोर बसली. पुष्करने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी किशोरीच बोलू लागली. तो घाबरून पळत नाही, वर्ष पूर्ण करून पास झालाय. इंजिन हातात आलं की तो वेगळाच माणूस होतो. मनाविरुद्ध घातलेला कोट त्याला आयुष्यभर टोचेल. एका दमात सगळं सांगून ती थांबली.

शर्मिलाताईंनी चष्मा काढून पुसला.

"छान बोलतेस. पण हे त्याने सांगायला हवं होतं."

"आई," पुष्करचा आवाज चिरकला. "खोटा बोललंय तुझ्याकडे वर्षभर. चुकलंय. पण माका वकील होवचा नाय गो."

त्या घरात तो आईशी पहिल्यांदाच मालवणीत बोलला होता. शर्मिलाताई त्याच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले.

"मग आधी का नाही रे सांगितलंस, वेड्या... मी काय तुझी दुश्मन होते?"

तो उठून त्यांच्या पायाशी बसला. त्यांचा हात त्याच्या केसांत गेला. जरा वेळाने त्या किशोरीकडे वळल्या.

"त्याचं त्याने सांगितलं. मग तू कोणाच्या वतीने आली होतीस?"

किशोरीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. पण नजर तिने खाली घातली नाही.

"माझ्याच, काकी."

पुष्करचे कान लालभडक. शर्मिलाताईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग उठता उठता म्हणाल्या, "जेवून जायचं. बांगडे आणलेत. नाही म्हटलेलं मी ऐकत नाही."

संध्याकाळी तो तिला एसटी स्टँडवर सोडायला आला. फलाटावर दोघं गाडीची वाट बघत उभी होती.

"किशोरी... माका तू आवडतंस."

"तुझ्या आवशीक दुपारीच कळला ता. तुका आता सुचता?"

"गोवा काय लांब नाय. दर रविवारी येयन."

"बगूया," ती म्हणाली, पण तिच्या गालांवरचं हसू काही लपेना.

तारकर्लीची गाडी लागली. ती चढून खिडकीशी बसली, आणि शेजारी कोण येऊन बसलं म्हणून बघते तर पुष्कर!

"अरे, तुझा घर हयसर आसा!"

कंडक्टर जवळ आला. "खंय?"

"ही उतरतली थंय," पुष्कर म्हणाला.

कंडक्टरने कपाळाला आठी घालून किशोरीकडे बघितलं. तिने ओढणी सावरली, खिडकीबाहेर नजर लावली आणि म्हणाली, "दोन तारकर्ली."